अस्वलावरचा आळ

आमच्या बाबांचे समोरचे दोन दात अस्वलानं नेले, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा पहाटे मोहफुलं वेचायला गेले, अस्वलही त्याच झाडाखाली फुलं खायला आलेलं, दोघं एकाच वेळी वाकले आणि उठताना समोरासमोर आले, अशी ती गोष्ट. दर उन्हाळ्यात मोह गळायला लागला की बाबा ती पुन्हा सांगत आणि दर उन्हाळ्यात अस्वल थोडं वाढे. मी चौथीत होते तेव्हा ते बाबांच्या खांद्याला लागत होतं. माझं लग्न ठरलं तोवर ते आमच्या दुकानाच्या पत्र्याला टेकलं होतं. दात नसल्यामुळे स म्हणताना बाबांच्या तोंडून बारीक शिटी निघायची, आणि धंदा नेमका सायकलीचा. दिवसभर आमच्या दुकानात शिटी वाजत राही.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे परवा माझ्या मुलानं नातीसाठी चंद्रपूरहून गिअरची सायकल आणली. पुढच्या चाकाला नटाऐवजी झटकन उघडणारा खटका आहे. घरचे सगळे रंग बघत होते आणि मी खाली बसून चिमट्याच्या टोकांवर बोट फिरवत होते. चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मध्ये बसतं तो. तिथे दोन्ही बाजूंना बारीक उंचवटे होते. मग मी हँडल धरून चाक वर उचललं आणि वरून टायरवर मूठ मारली, तीन वेळा. नात म्हणाली, "आजी, नव्या सायकलीले मारून काऊन राह्यली?" मी हसले आणि चहा ठेवायला आत गेले. मधली काही वर्षं सोडली तर तोंडानं सांगणं मला कधी फार जमलं नाही. तिच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, पण ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून बरं वाटतं.

आरमोरीहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं घर होतं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये गोणपाटाचा पडदा. दुकानापासून दहा-पंधरा पावलांवर रस्ता एकदम खाली उतरायचा, थेट नाल्याच्या रपट्यापर्यंत, म्हणजे ठेंगण्या पुलापर्यंत. त्या उतारामुळेच आमचं दुकान चालायचं, असं समोरचे कवडूभाऊ म्हणत. खाली जाणारा ब्रेक बघायला थांबायचा आणि वर येणारा दम घ्यायला. दम घ्यायला थांबलेला कवडूभाऊंकडे चहा प्यायचा, त्यामुळे उताराबद्दल तेही खूश असत. दिवसभर कवडूभाऊंचा रेडिओ, बाबांचा हातोडा आणि हवा भरायच्या पंपाचा श्वास टाकल्यासारखा आवाज, यांतच मी वाढले. मागून मायच्या पाट्यावर लाखोळीची डाळ वाटली जायची. तिचे वडे तळायला लागले की गिऱ्हाइकांच्या सायकली नीट होऊनही गिऱ्हाईक हलत नसत. माय पडद्याआडून म्हणायची, "पंक्चर एक आणि बसले चार." बाबा ऐकू न आल्यासारखं करत आणि एक ताट बाहेर मागत.

शाळा चौथीपर्यंत गावात होती. पाचवीची नाल्यापलीकडे होती, तिकडे मुलींना पाठवत नसत. मग मी पडद्यामागे बसून बाबांना मदत करायला लागले. पडद्यामागे अशासाठी की मला माणसांची भारी भीती वाटायची. कोणी नाव विचारलं तरी घशात बोर अडकल्यासारखं होई. कवडूभाऊ मला मुकीच म्हणायचे, आणि मी मुकी नाही हे सांगायला बोलावं लागलं असतं, म्हणून मी ते नाव चालवून घेतलं. पण हात चालायचा. नागपूरहून जे स्वस्त सुटे भाग यायचे त्यांच्या कडा ओबडधोबड असत. ओतताना राहून गेलेलं लोखंड धारेसारखं बाहेर आलेलं असे. ते कानशीनं घासून गुळगुळीत करायचं, वर काळा रंग मारायचा, हे माझं काम. बाबा तो भाग पडद्यावरून वर धरून गिऱ्हाइकाला दाखवत, "पहा, आरशासारखा केला." कोणी केला ते सांगत नसत, पण मला पुरायचं.

मायला मात्र हे पसंत नव्हतं. पोरगी मोठी झाली, हाताला ग्रीस, नखात काळं, कोण करून घेईल हिला, असं तिचं चालायचं. बाबांनी तिची समजूत घातली ती एका अटीवर. ज्या दिवशी माझ्या हातून कोणाची सायकल बिघडेल, त्या दिवशी कानस चुलीत आणि मी चुलीपाशी. बाबा हो म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं, पण ती अट मी रोज झोपताना आठवत असे. त्या वयात मला दुसरं काही नको होतं. फक्त ती कानस आणि पडद्यामागची ती जागा.

बाबांचे दुकानात काही हट्ट होते आणि त्यात पहिला हट्ट वायसरचा. पुढच्या चाकाच्या नटाखाली एक वायसर, म्हणजे चपटी चकती, बसतो, त्याला एका अंगाला वाकवलेला आकडा असतो. तो आकडा चिमट्याच्या भोकात अडकवायचा, म्हणजे नट कधी ढिला झाला तरी चाक चिमट्यातून निसटत नाही. लोकांना त्याचा कंटाळा. पंक्चर काढताना आकडा सोडवा, पुन्हा लावा, मग बरेच जण तो फेकूनच देत. बाबा मात्र अशी सायकल आली की न विचारता आपल्या डब्यातला आकडेवाला वायसर लावत, आणि परत देताना हँडल उचलून चाकावर तीन ठोके मारत. चाक जागचं हललं नाही तरच सायकल गिऱ्हाइकाच्या हातात. कवडूभाऊ समोरून विचारत, "मोतीरामभाऊ, अस्वलानं सांगितलं होतं का, ठोका मारूनच देजो म्हणून?" सगळे हसत. बाबाही हसत, पण ठोका मारल्याशिवाय सायकल सोडत नसत.

मी लग्नाच्या वयाला आले त्या वर्षी पावसाळा सरल्यावर नागपूरच्या कॉलेजातली एक ताई आमच्या गावात राहायला आली. नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीतली, गोंड माणसं कोणत्या झाडाचं काय वापरतात, ते लिहून घ्यायला ती रोज तिकडे जायची. उतरली होती जंगल खात्याच्या विश्रामगृहात. तिची सायकल परदेशातून मामानं पाठवलेली, बारीक, निळी, मडगार्ड नसलेली. पण गावाला सायकलीपेक्षा ताईचंच नवल जास्त. कारण संध्याकाळी ती सायकल व्हरांड्यात ठेवायची आणि पुढचं चाक काढून हातात घेऊन खोलीत जायची. चोरानं नेली तर एकाच चाकाची नेईल, असा तिचा हिशेब. बायांमध्ये चर्चा झाली की नागपूरच्या पोरी उशाला चाक घेऊन झोपतात. मायनं तर खरंच विचारलं होतं बाबांना, की थंडीच्या दिवसांत लोखंड अंगाला लागत नसेल का.

एका बाजाराच्या दिवशी बाबा माल आणायला आरमोरीला गेले होते आणि ताई दुकानात आली. पडदा बाजूला सारून तिनं मला शोधून काढलं. तक्रार अशी की मामानं लिहिलं होतं, खटका उघडला की चाक एका झटक्यात हातात येतं, पण हिचं येत नाही. खटका उघडूनही चाक चिमट्याच्या टोकाशी अडकतं, पलीकडचा नट कितीतरी वेळा फिरवावा लागतो. बाबा आले की बघायला सांग, संध्याकाळी नेते, असं म्हणून ती गेली. मी मान हलवली. तेवढंच माझं बोलणं.

मी चाक काढून पाहिलं. चिमट्याच्या दोन्ही टोकांना खालच्या बाजूला एकेक उंच कड होती, ओठासारखी बाहेर आलेली. मला हसू आलं. परदेशातला मालही तसाच, म्हटलं, ओतताना राहिलेलं लोखंड कोणी घासलंच नाही. बाबांची वाट बघायची गरज वाटली नाही. बारीक कानस घेतली आणि दुपारभर अशी घासली की बोट लावलं तर काच वाटावी. वर काळा रंग मारला, उन्हात वाळवला. संध्याकाळी ताईनं खटका उघडला आणि चाक आपलं आपण खाली उतरलं. ती केवढी खूश झाली. माझा काळा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्या हातात जादू आहे गं." बाहेरच्या माणसानं माझं कौतुक केलं असं ते पहिल्यांदाच. मी बाबांना काही सांगितलं नाही. ते स्वतः कधी बघतील, विचारतील कोणी केलं, आणि मग मी मान खाली घालीन, असं ठरवून ठेवलं होतं. मान कशी घालायची तेसुद्धा ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. भात, वांग्याची पातळ भाजी, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. बाबा मायला त्या परदेशी सायकलीचं सांगू लागले. ताई नवीन आली तेव्हाच त्यांनी ती नीट न्याहाळून ठेवली होती. म्हणाले, बाकी सोड, पण चिमटा करणाऱ्याच्या डोक्याला मानलं. "टोकाले दोन ओठ ठेवले त्यानं. खटका ढिला पडला तरी चाक ओठात अडकते, खाली पडत नाई. आपला वायसर जे करते, ते त्यानं लोखंडातच करून ठेवलं." असा ओठ आपल्या लोहाराकडून काढून घेता येईल का, असं ते पुढे बोलत होते. माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. वडी होती, मायच्या हातची, आणि मला ती मातीसारखी लागली.

तेवढ्यात घंटी वाजली. विश्रामगृहाकडून यायच्या वळणावर ताई नेहमी घंटी वाजवायची आणि मग उताराला लागायची. मी उष्ट्या हातानं उठले. पडदा, दुकान, ओटा, काही आठवत नाही. एकदम रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी होते आणि निळी सायकल माझ्या अंगावर येत होती. ताईनं ब्रेक दाबला. माझ्या पायाच्या बोटांपासून वीतभर अंतरावर ती थांबली. "काय झालं गं?" तिनं विचारलं. सांगायला तोंड उघडलं तर शब्दच नाही. मागून बाबा आले, दाराशी माय आली, समोरून कवडूभाऊ बघू लागले. मग मला जे येत होतं ते मी केलं. ताई उतरल्याबरोबर हँडल उचललं आणि चाकावर मूठ मारली. एक. दुसऱ्या ठोक्याला चाक चिमट्यातून सुटलं, रस्ता ओलांडून घरंगळत गेलं आणि कवडूभाऊंच्या बाकाखाली जाऊन आडवं झालं. कवडूभाऊंनी कप हातात धरून दोन्ही पाय वर घेतले होते. ते म्हणाले, "चहा पाहिजे का ह्याले?" पण कोणी हसलं नाही. सगळे उताराकडे बघत होते.

ताई म्हणत होती की तिनं तर खटका घट्ट फिरवला होता. तिथेच घोटाळा होता. तो खटका नटासारखा फिरवायचा नसतो, दाबून मिटायचा असतो. मिटताना तळहाताला कळ लागली पाहिजे. ताई इतके दिवस तो फिरवतच होती आणि तिची चूक ते दोन ओठ रोज सांभाळून घेत होते. बाबांनी तिला हे समजावलं आणि मग चिमट्याच्या टोकावर बोट फिरवलं. एकदा, दुसऱ्यांदा. बोटाला काळा रंग लागला. "हे ओठ कुठी गेले?" त्यांनी विचारलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं, दारातल्या मायकडे पाहिलं. ती हुशार होती, तिला काहीतरी कळलं. म्हणाली, "माझंच चुकलं भाऊ, मीच तिला घासायला सांगितलं."

मी गप्प राहिले असते तर झालं असतं. कानस वाचली असती, जागा वाचली असती. पण ताई माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि तिचं चाक अजून कवडूभाऊंच्या बाकाखाली पडलं होतं. मी म्हटलं, "नाई. त्यायनं सांगितलं नाई. मीनं घासलं. मले वाटलं, राहिलेली कड आहे." भर रस्त्यात, चार माणसांपुढे, माझं हे पहिलं बोलणं. कवडूभाऊ चाक घेऊन येत होते, ते तिथेच थांबले. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "हिले आवाज आहे."

माय आत गेली. बाबा मला घेऊन तिच्या मागे गेले, ताईला ओट्यावर बसवून. पडद्यामागे माय चुलीपाशी कानस घेऊन उभी होती. "तुम्ही टाकता का मी टाकू?" तिनं विचारलं. लोखंड चुलीत जळत नाही, फार तर लाकडी मूठ जळेल, हे मला कळत होतं, पण रडू यायचं ते आलंच. बाबांनी पडदा नीट ओढून घेतला. मग आवाज एकदम बारीक करून म्हणाले, "माह्या हातूनही झालं होतं." लग्नाआधी, याच उतारावर. वायसर सोडवायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी फेकून दिला होता आणि नट हातानंच आवळला होता. रपट्याच्या अलीकडे चाक पुढे गेलं आणि बाबा तोंडावर. कुजबुजतानाही त्यांची शिटी वाजत होती. "दात अस्वलानं नाई नेले," ते म्हणाले.

आता आभाळ कोसळेल असं वाटून मी मायकडे पाहिलं. ती कानशीची धार अंगठ्यानं बघत होती. "माहीत आहे मले," ती म्हणाली. "तुमच्या मायनं सोयरीक जुळवतानाच सांगितलं होतं. आन अस्वल का दोनच दात मोजून नेते, बाकीचा माणूस जागच्या जागी ठेवून?" इतकी वर्षं ही बाई दर उन्हाळ्यात ती गोष्ट ऐकत होती, मध्येच 'अगोबाई' म्हणत होती, आणि अस्वल वाढत होतं तसं वाढू देत होती. मी रडता रडता हसले.

कानस चुलीत गेली नाही. माझ्या हातात आली, पण नवी अट घेऊन. माय म्हणाली, काम करायचं तर पडद्यामागे लपून नाही. "जे केलं, ते ज्याची सायकल त्याले तोंडानं सांगायचं. रस्त्यात बोलता येते, तर ओट्यावरही येते." मला वाटलं, त्यापेक्षा कानस चुलीत गेली असती तर बरं. पण अट ती अट. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला जमिनीकडे बघत सांगू लागले, वायसर लावला जी, नट आवळला जी, ठोका मारून पाहिला जी. पहिला महिना नुसतं पुटपुटणं होतं. कवडूभाऊ समोरून ओरडत, "आम्हाले ऐकू नाई आलं." मग त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलू लागले. नंतर तर टायर कोणता घ्यावा यावरून मी गिऱ्हाइकांशी वाद घालायचे आणि बाबा पडद्यामागे जाऊन बसायचे. लोक म्हणत, मोतीरामची पोट्टी बोलून बोलून सायकल नीट करते. लग्नानंतर सासरी मी पुन्हा गप्प झाले, ती वेगळी गोष्ट, पण तो बिचाऱ्या ओट्याचा दोष नाही.

घासलेला ओठ परत उगवत नाही. बाबांनी खटका काढून टाकला, साधा एक्सल बसवला, त्याला दोन नट आणि दोन आकडेवाले वायसर. सायकल पक्की झाली, पण चाक उशाशी न्यायची सोय गेली. मग ताई रोज संध्याकाळी अख्खी सायकल आमच्या दुकानात ठेवू लागली आणि ठेवायला आली की जेवून जाऊ लागली. मायचे वडे तिला इतके आवडायचे की कोणत्या झाडाचं काय वापरतात हे विचारायचं सोडून ती कोणत्या डाळीचं काय करतात हेच लिहायची. एकदा जेवताना बाबांनी तिला अस्वलाची गोष्ट सांगायला घेतली. माय आणि मी ताटात बघत होतो. ताईनं सगळं मन लावून ऐकलं आणि गंभीरपणे विचारलं, "भाऊ, अस्वल केवढं होतं? चाकाएवढं?" बाबांना ठसका लागला. गोणपाटाचा पडदा तो, त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या ताईपर्यंत जायचं काय थांबणार. पण तिनं गावात कोणाला सांगितलं नाही, आणि जाताना तो काढलेला खटका मला दिला. अजून माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे.

बाबा गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण अस्वलाचं बोलत होता. कवडूभाऊ तोवर फार थकले होते, पण त्यांनी सगळ्यांना सांगितलं की ते अस्वल त्यांनी स्वतः दुरून पाहिलं होतं, केवढं तरी होतं. माय माझ्याकडे बघून पदरानं डोळे पुसत होती, रडत होती की हसत होती ते तिलाच माहीत. मी बोलले नाही. एवढी बोलायला शिकलेली असून बोलले नाही.

उद्या सकाळी नात सायकल घेऊन शाळेत जाईल. खटका फिरवायचा नसतो, मिटायचा असतो, आणि तळहाताला कळ लागेपर्यंत मिटायचा, हे मी तिला तोंडानं सांगणार आहे. चिमट्याचे ओठ दाखवणार आहे, त्यांना कोणी कानस लावू देऊ नको म्हणून. आणि ठोका कशाला मारायचा असं तिनं विचारलं, तर सांगणार आहे की तुझ्या पणजोबांचे दोन दात अस्वलानं नेले होते, म्हणून. वहीत मात्र खरं लिहून ठेवते. त्या अस्वलानं कोणाचं काही नेलं नाही. ते बिचारं त्या दिवशी तिथे नव्हतंच.